ई-कचरा : घरातून गेला, मोहल्ल्यात आला

शाबान लागला की आपल्या घरांत साफसफाई निघते. रमजानच्या आधी माळे उतरवले जातात, कपाटामागची जळमटे निघतात आणि दरवर्षी त्याच त्या वस्तू खाली येऊन पुन्हा वर जातात. बंद पडलेला डबा टीव्ही, मामूंनी दुबईहून आणलेला टू-इन-वन, दोन डीव्हीडी प्लेअर, प्रिंटर, चार्जर आणि वायरींचा गुंता, फुगलेल्या बॅटरीचे तीन मोबाईल. "राहू दे, कधीतरी लागेल" असे अम्मी म्हणतात आणि पोते परत माळ्यावर जाते.

या वर्षी मात्र वर जाण्यापेक्षा बाहेर जाणारे सामान जास्त दिसते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि एसी यांच्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दुकानांत गर्दी झाली आणि नवा टीव्ही भिंतीवर लागला की जुना जिन्याखाली जातो. पुढे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा बंद केली. चांगले चालणारे, पण नवी विंडोज न स्वीकारणारे हजारो संगणक शाळांत, सायबर कॅफेंत, घरांत एका दिवसात 'जुने' ठरले. हे सगळे जाणार कुठे? गल्लीत भंगारवाल्याची हाक येते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

माझ्या घरातला एकवीस इंची टीव्ही मीही असाच दिला होता. चाचा ओळखीचे, वर्षानुवर्षे आमच्या गल्लीत हातगाडी घेऊन येणारे. पैसे हातात ठेवले तेव्हा सहज विचारले, "चाचा, हा पुढे जातो कुठे?" म्हणाले, "इथून भिवंडी रोडच्या गोदामात. तिथून कुणी कुर्ल्याला नेतो, कुणी दिल्लीला पाठवतो. माझे काम वजनापुरते, भाईजान." त्यांचे उत्तर खरे होते. अपुरे का होते, ते नंतर कळले.

हातगाडीवरून वस्तू छोट्या दुकानात जाते, तिथून मोठ्या गोदामात. गोदामात ती फोडली जाते. लोखंड वेगळे, प्लास्टिक वेगळे, तांब्याची वायर वेगळी, मदरबोर्डच्या प्लेटा वेगळ्या. प्रत्येक ढीग वेगळ्या माणसाकडे जातो. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी, जोगेश्वरी ही या कामाची जुनी ठिकाणे. दिल्लीत सीलमपूर. प्लेटांचा मोठा माल उत्तर प्रदेशात मुरादाबादकडे जात आला आहे. ही नावे वाचताना तुमच्या लक्षात आले असेलच. या व्यवसायात सर्वांत खालच्या पायरीवर मुस्लिम आणि दलित समाजातील माणसे मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे कचरा आपल्या घरातून गेला आणि फिरून आपल्याच एखाद्या मोहल्ल्यात आला. फक्त तो मोहल्ला आपल्यापेक्षा गरीब आहे.

तिथे काय होते ते जरा सविस्तर सांगायला हवे, कारण 'ई-कचरा घातक आहे' हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. जुन्या डबा टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये शिसे असते. थोडेथोडके नाही, किलोच्या हिशोबात. काच शाबूत आहे तोवर ते काचेतच अडकलेले असते. ट्यूब हातोडीने फोडली की आतली भुकटी आणि काचेचा चुरा उडतो. वायरीतले तांबे काढायचे तर वरचे प्लास्टिक सोलावे लागते. सोलायला वेळ लागतो, म्हणून वायर जाळतात. हे प्लास्टिक बहुतेक पीव्हीसी असते आणि ते उघड्यावर जळाले की डायॉक्सिनसारखी विषारी रसायने हवेत जातात. प्लेटेवरचे सुटे भाग काढायला ती शेगडीवर तापवतात, त्या धुरात जोडणीच्या डागाचे शिसे असते. शेवटी प्लेट तेजाबात बुडवतात. सोने-चांदी विरघळवून काढायची आणि उरलेले पाणी गटारात किंवा नाल्यात. मातीचा, पाण्याचा आणि छातीचा सत्यानाश होतो तो या शेवटच्या टप्प्यात.

मुरादाबाद हे पितळेचे शहर. पितळी भांड्यांचा धंदा मंदावला तसे तिथले अनेक कारागीर याच कामाकडे वळले. भट्टी माहीत, धातू माहीत, मग वेगळे शिकायचे काय? २०१५ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तिथल्या माती-पाण्याची तपासणी केली, तेव्हा जड धातूंचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर निघाले. रामगंगेच्या काठावर जळालेल्या प्लेटांच्या काळ्या राखेचे ढीग साचले होते. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, राख उचलण्याचे आदेश निघाले. ज्या घरांत ती राख चाळली जात होती, त्या घरांत लहान मुलेही होती.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये मुले आणि डिजिटल कचऱ्याच्या डेपोंवर एक अहवाल काढला. त्यात म्हटले आहे की जगभर १.८ कोटींहून अधिक मुले-किशोर असंघटित उद्योगांत राबतात आणि कचरा हाताळणे हे त्यातलेच एक काम आहे. काही मुले तर अवघी पाच वर्षांची. मुलांच्या लहान हातांना बारीक सुटे भाग काढता येतात, म्हणून त्यांना बसवले जाते. शिशाचे असे कोणतेही प्रमाण नाही जे मुलाच्या शरीराला सुरक्षित म्हणता येईल. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. मूल मंद होते, चिडचिडे होते, शाळेत मागे पडते. मूल कामावर जात नसले तरी बाप संध्याकाळी ज्या कपड्यांत घरी येतो, त्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरात येते. आपण आपल्या वस्त्यांतल्या मुलांच्या शिक्षणाची चिंता करतो, शिबिरे घेतो, शिष्यवृत्त्या देतो. यातल्या काही मुलांचे नुकसान पहिलीत दाखल होण्याआधीच झालेले असते, हे आपल्या हिशोबात कुठे धरलेले नसते.

कायद्यात भंगारवाला कुठे आहे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकड्यांनुसार देशात २०१९-२० मध्ये सुमारे १० लाख टन ई-कचरा तयार झाला होता, २०२३-२४ मध्ये तो १७ लाख टनांच्या वर गेला. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल भारताचा आकडा याच्या दुपटीहून जास्त, ४० लाख टनांच्या वर धरतो. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, पण वाढ किती वेगाने होते आहे याबद्दल दोघांचे एकमत आहे. त्याच अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के नोंद होऊन नीट गोळा झाला व रिसायकल झाला.

सरकार गप्प बसले आहे असे म्हणता येणार नाही. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वीच्या यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. मिक्सर, पंखा, खेळणी, सोलर पॅनल, सगळे आले. वस्तू बाजारात आणणाऱ्या कंपनीने ठरावीक टक्के ई-कचरा रिसायकल झाल्याचा पुरावा द्यायचा. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी हे प्रमाण ६० टक्के होते, २०२५-२६ साठी ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. कंपनी स्वतः कचरा गोळा करत नाही. नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्र विकत घेते. २०२४ मध्ये या प्रमाणपत्रांचा किमान दर ठरला. घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. हा दर परवडत नाही म्हणून सॅमसंग, एलजी, डायकिन यांसारख्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

आता एक ढोबळ हिशोब करून बघा. पन्नास किलोचा जुना फ्रीज. किमान दराने त्याच्या मागे कंपनीकडून रिसायकलरला ११०० रुपयांच्या आसपास मिळायला हवेत. हा पैसा फ्रीज तुमच्या तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर खाली आणणाऱ्या माणसाला मिळतो का? नाही. त्याचे नावच या नियमांत नाही. २०१६ च्या नियमांत संकलन केंद्रे आणि वस्तू सुट्या करणारे यांना वेगळी मान्यता होती. २०२२ च्या नियमांत नोंदणीसाठी चौघेच उरले: वस्तू बनवणारा, ती बाजारात आणणारी कंपनी, दुरुस्त करून विकणारा आणि रिसायकलर. गल्लीतला फेरीवाला, दुकानदार, गोदामवाला, ज्यांच्या हातातून देशातला बहुतेक ई-कचरा जातो, ते सगळे या चौकटीच्या बाहेर. आणि गंमत म्हणजे नोंदणीकृत रिसायकलरपैकी अनेकजण माल याच लोकांकडून घेतात. माल कायदेशीर होतो, माल आणणारा होत नाही.

मग प्रश्न पडतो, भंगारवाला जास्त भाव कसा देतो? घरोघरी फिरणारा गरीब माणूस मोठ्या कारखान्यापेक्षा चांगला दर कसा देऊ शकतो? कारण पारा, शिसे, गॅस, तेजाबाचे पाणी यांची विल्हेवाट लावायचा खर्च साखळीत पुढे कोणी करतच नाही. तो खर्च कुणाची तरी फुफ्फुसे करतात. आपल्याला हातात मिळालेल्या शंभर-दीडशे रुपयांतला काही भाग त्या खर्चातून वाचलेला असतो. हे लिहिताना मला स्वतःचा टीव्ही आठवतो. मी तेव्हा भावासाठी चांगली घासाघीसही केली होती.

याचा अर्थ भंगारवाल्याला दार बंद करा असा काढला जाईल, म्हणून स्पष्ट सांगतो. माझे म्हणणे तसे नाही. गोळा करणे, निवडणे, वजन करणे, पोहोचवणे हे काम त्यांच्याइतके स्वस्त आणि चोख कोणी करू शकत नाही. कोणत्याही कंपनीची गाडी मुंब्र्याच्या किंवा मालेगावच्या गल्लीत रोज फिरणार नाही. घातक आहे ते पुढचे काम: फोडणे, जाळणे, तेजाबात घालणे. पहिले काम वाचवायचे आणि दुसरे बंद करायचे. आपल्याकडे मात्र नेमके उलटे होते आहे.

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-कुदळवाडीचे उदाहरण ताजे आहे. तिथे अनेक वर्षांत भंगाराचा मोठा बाजार उभा राहिला होता. सर्व प्रकारचे भंगार, नुसते इलेक्ट्रॉनिक नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे मोठी आग लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने बुलडोझर आणले आणि काही दिवसांत चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त केली. अनधिकृत बांधकामे, आगी, प्रदूषण, नदीत जाणारे सांडपाणी ही महापालिकेची कारणे होती आणि ती खोटी नव्हती. रहिवाशांना धुराचा त्रास होताच. पण त्याच काळात राजकीय भाषणांतून 'बांगलादेशी-रोहिंग्या' हे शब्दही या बाजाराला चिकटवले गेले, आणि मूळ प्रश्न बाजूला पडला: शहराचे भंगार उद्या कोण आणि कुठे हाताळणार? भंगार संपत नाही, जागा बदलते. एका ठिकाणाहून उठवलेला माणूस दहा किलोमीटर पुढे, आणखी आडोशाला, आणखी कमी पाण्याच्या आणि कमी सुरक्षिततेच्या जागेत तेच काम करतो.

इथे आपल्या नेतृत्वाबद्दल दोन शब्द. बुलडोझर येतो तेव्हा निवेदने दिली जातात, मोर्चे निघतात. पण याच २०२२ च्या नियमांत राज्य सरकारवर काही जबाबदाऱ्या टाकलेल्या आहेत, त्यांचा उल्लेख मी एकाही निवेदनात वाचलेला नाही. उद्योग विभागाने औद्योगिक वसाहतींत ई-कचरा सुटा करण्यासाठी आणि रिसायकलिंगसाठी जागा किंवा शेड राखून ठेवायची आहे. कामगार विभागाने या कामातल्या मजुरांची ओळख आणि नोंदणी करायची आहे, त्यांचे गट बनवायला मदत करायची आहे, प्रशिक्षण द्यायचे आहे, आरोग्य आणि सुरक्षिततेकडे लक्ष ठेवायचे आहे. २०१६ च्या नियमांतही हे होते. म्हणजे जवळजवळ दहा वर्षे कागदावर आहे. किती एमआयडीसींमध्ये असे गाळे भंगार व्यावसायिकांच्या गटांना मिळाले, किती मजुरांची नोंदणी झाली, हा प्रश्न आमदारांनी विधानसभेत विचारायला हवा. माहिती अधिकारात एक साधा अर्ज कोणताही सुशिक्षित तरुण करू शकतो. हे काम बुलडोझर येण्याआधीचे आहे, नंतरचे नाही.

आणि आता वेळही बरी आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधने घातल्यापासून जुन्या हार्ड डिस्क, मोटारी, लिथियम बॅटऱ्या यांच्याकडे 'खाण' म्हणून बघितले जाऊ लागले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कचरा आणि बॅटऱ्यांमधून महत्त्वाची खनिजे काढण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्यातला एक तृतीयांश भाग छोट्या आणि नव्या रिसायकलर्ससाठी राखून ठेवला आहे. जपानने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत लोकांकडून ७८,९८५ टन जुनी उपकरणे आणि ६२ लाखांवर मोबाईल गोळा करून त्यातून ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य काढले होते. टोकियो ऑलिम्पिकची सुमारे ५,००० पदके त्यातून बनली. या कचऱ्यात पैसा आहे, हे भंगारवाल्याला सगळ्यांच्या आधी माहीत होते. आता मोठे उद्योग येत आहेत. ज्यांनी तीस वर्षे हा धंदा सांभाळला, त्यांचा त्यात वाटा असेल की ते फक्त हमाल राहतील, हे येत्या दोन-चार वर्षांत ठरेल.

जमणार नाही असे नाही. बेंगळुरूत भंगार व्यावसायिकांच्या एका गटाने जर्मन आणि स्विस संस्थांच्या मदतीने एकत्र येऊन परवाना घेतला. सुटे करण्याचे काम सुरक्षित पद्धतीने करायचे आणि प्लेटा तेजाबात न घालता मोठ्या शुद्धीकरण कारखान्याला विकायच्या, असा तो मार्ग होता. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते आणि घरोघरचा ई-कचराही गोळा करते. बहुतेक सदस्य दलित समाजातल्या महिला आहेत. ओळखपत्र आहे, गणवेश आहे, पोलीस हटकत नाहीत. कुर्ल्यात किंवा भिवंडीत अशी एक सहकारी संस्था का नसावी? आपल्याकडे सहकारी पतपेढ्या आहेत, ट्रस्ट आहेत, चार्टर्ड अकाउंटंट आहेत. अडते कुठे, तर भंगाराच्या धंद्याला आपणच हलका समजतो. लग्नाच्या बायोडेटात मुलगा 'स्क्रॅप डीलर' लिहितो, वडील त्याखाली 'बिझनेस' लिहितात.

आता घरातले पोते

मोठ्या गोष्टी होईपर्यंत माळ्यावरच्या पोत्याचे काय करायचे, हे ज्याने त्याने आज ठरवायचे आहे.

सर्वांत आधी बॅटरी. फुगलेली लिथियम बॅटरी हा घरातला सर्वांत धोकादायक कचरा आहे. ती टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात अजिबात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाब पडला की ती पेट घेते. सुटी होत असेल तर धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून कोरड्या वाळूच्या डब्यात, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरवर द्या. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर आहे. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदार नव्या बॅटरीच्या बदल्यात घेतोच, तिचा वेगळा घोर नाही. फक्त ती गल्लीत विकू नका, कारण शिसे वितळवण्याच्या चोरट्या भट्ट्या तिच्यावरच चालतात.

मोबाईल आणि संगणक ही अमानत समजा. त्यात आधार, पॅन, बँक, घरातल्या लग्नांचे आणि मुलींचे फोटो असतात. सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल किंवा अॅपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा. या क्रमानेच. जुन्या संगणकात फाइल डिलीट करून ती पुसली जात नाही. हार्ड डिस्क काढून घेणे हा सोपा उपाय, गल्लीतला संगणक दुरुस्तीवाला पाच मिनिटांत काढून देतो. अलीकडे दुपारच्या वेळी बायका "जुने मोबाईल, बंद मोबाईल द्या, टोपली-डबे घ्या" अशी हाक देत फिरणाऱ्यांना मोबाईल देतात. हा व्यवहार थांबवा. ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांनी तिघांकडून गावोगाव फिरून गोळा केलेले चार हजारांवर जुने मोबाईल पकडले, ते सायबर टोळ्यांकडे जात असल्याचे तपासात पुढे आले. एका प्लास्टिकच्या टोपलीसाठी आपण काय देऊन बसतो, बघा.

डबा टीव्ही आणि मॉनिटर अखंड द्यायचे. घरी उघडायचे नाहीत, वायर काढून घ्यायची नाही. फ्रीज आणि एसीचे तेच. पाइप कापला की आतला गॅस हवेत जातो आणि परत मिळत नाही. नवीन घेताना दुकानदार जुना बदलून घेतो तेव्हा त्याला विचारा, हा पुढे कुठे जातो, पावती मिळेल का. बहुतेक वेळा तो गोंधळेल. आणखी चार ग्राहकांनी विचारले की उत्तर तयार ठेवील. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फुटू न देता मूळ खोक्यात ठेवून ई-कचऱ्याबरोबर द्या.

नोंदणीकृत रिसायकलरची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. एका घराच्या दोन चार्जरसाठी कोणी गाडी पाठवत नाही, इथेच गाडी अडते. पण सोसायटीने, मशिदीच्या ट्रस्टने किंवा उर्दू-मराठी शाळेने चाळीस-पन्नास घरांचे सामान एकत्र केले तर बहुतेक रिसायकलर स्वतः येतात. पावती घ्या, वजन लिहून घ्या. नोंदणी म्हणजे इमानदारीची हमी नव्हे. प्लास्टिकच्या बाबतीत २०२३ मध्ये केंद्रीय मंडळालाच सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे सापडली होती. आणि हे सामान गोळा करायला गल्लीतल्या चाचांनाच सांगा, त्यांना किलोमागे मजुरी द्या. त्यांची रोजी जाणार नाही, फक्त टीव्ही भिवंडी रोडच्या गोदामात जाण्याऐवजी नीट ठिकाणी जाईल.

एक गोष्ट जरा कडू आहे. बंद पडलेला संगणक, चालत नसलेला प्रिंटर, हळू झालेला लॅपटॉप आपण मदरशाला किंवा यतीमखान्याला देतो आणि सवाब पदरात पडला असे समजतो. तिथल्या एखाद्या खोलीत असा ढीग तुम्ही पाहिला असेल. संस्थेला नाही म्हणवत नाही आणि दुरुस्तीला पैसे नसतात. शेवटी तेच भंगारात देतात. द्यायचेच असेल तर आधी दुरुस्त करून द्या. विंडोज १० चा चांगला लॅपटॉप असेल तर काही अटींवर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, किंवा लिनक्स टाकून तो अभ्यासाला आणखी काही वर्षे सहज चालतो. दुरुस्त झालेली वस्तू ही सर्वांत कमी कचरा करणारी वस्तू. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत आपली कितीतरी मुले दुरुस्तीच्या धंद्यात आहेत, त्यांनाही काम मिळेल.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडे वेगळे. रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडच्या गावांत आखाती देशांतल्या कमाईने बांधलेली कितीतरी घरे वर्षातले दहा महिने बंद असतात. आत व्हीसीआर, टेपरेकॉर्डर, दोन-दोन टीव्ही, खाऱ्या हवेने गंजलेले फ्रीज. तिथे संकलन केंद्र जवळ नाही, महिन्यातून एकदा भंगाराचा टेम्पो येतो. सुट्टीत मे महिन्यात गावी जाल तेव्हा चार घरांचे सामान एकत्र करून मुंबईला परतणाऱ्या टेम्पोत टाका आणि तिथे नोंदणीकृत ठिकाणी द्या. आंब्याच्या पेट्यांबरोबर दोन जुने टीव्ही जायला जागा होते. जमातीच्या बैठकीत हा विषय एकदा निघाला तर गावागावांत कोणाकडे काय पडले आहे, याची यादी तरी होईल.

चाचा परवा पुन्हा आले होते. या वेळी मी त्यांना प्रिंटर आणि दोन डीव्हीडी प्लेअर दिले नाहीत, सोसायटीच्या यादीत टाकलेत असे सांगितले. गोळा करायला येणार का, किलोमागे मजुरी मिळेल, असेही विचारले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मजुरी रोख मिळेल का, हा. दुसरा, परवाना असलेल्या त्या लोकांकडे त्यांच्या मुलाला काम मिळेल का. दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.